मीठ कमी पडतंय हे ओळखणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

वॉर्डात सगळे तुम्हाला डाएटिशियन मॅडम म्हणायचे. माझ्या तोंडी मात्र ताईच बसलं.

आतड्याला पीळ पडला आणि ऑपरेशननंतर आमच्या लेकीचं लहान आतडं जेमतेम ३५ सेंटीमीटर उरलं. पोटावर स्टोमाची (आतड्याचं तोंड पोटावर बाहेर काढतात, त्याची) पिशवी, छातीत सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी), आणि टीपीएनमधून, म्हणजे शिरेतून दिल्या जाणाऱ्या आहारातून, ग्लुकोज, अमिनो आम्लं, चरबी सगळं थेट रक्तात. आता माझ्या दुधाचं काय काम, असं मी धरूनच चालले होते. तुम्ही आल्या आल्या विचारलंत, "दूध काढून ठेवताय ना?" मग नाकातल्या नळीतून तासाला एक मिलिलिटर सुरू केलंत. एवढ्यानं पोट काय भरणार, म्हणून मी चिडले. तुम्ही म्हणालात, पोट टीपीएन भरतंय. हे उरलेल्या आतड्यासाठी आहे. त्यातून दूध गेलं तरच ते वाढेल, रुंदावेल, जास्त शोषायला शिकेल.

पण हे पत्र खरं तर सोडियमसाठी, म्हणजे मिठासाठी आहे. दोन आठवडे वजन हलेना. कॅलरी हिशोबानं पुरेशा, रक्तातलं सोडियम १३८, म्हणजे अगदी ठीक. चरबी वाढवून बघू, अशी चर्चा चालली होती. पण लेकीचे डोळे आधीच पिवळे, यकृत थकलेलं, चरबीचा आणखी भार त्याला नको होता. तुम्ही पिशवीतून रोज किती पाणी जातंय तो कागद घेऊन बराच वेळ उभ्या होतात. मग म्हणालात, "लघवीतलं सोडियम बघूया." ते १० च्याही खाली निघालं. स्टोमातून मीठ वाहून जात होतं आणि मूत्रपिंडं उरलंसुरलं धरून ठेवत होती, म्हणून रक्तातला आकडा शहाण्यासारखा दिसत होता. मीठ कमी पडलं की कॅलरी कितीही ओता, बाळ वाढत नाही, हे मला तेव्हा कळलं. टीपीएनमध्ये सोडियम वाढवलं आणि आठवड्याभरात वजनकाटा हलला. मी तो आकडा तीनदा वाचला होता.

आणखी एक. रोज जिभेवर दुधाचे दोन थेंब द्यायचेच, नाहीतर तोंड खाणं विसरेल, हा तुमचा हट्ट. तेव्हा मला ते उगाच वाटायचं, माफ करा. काल तिनं माझ्या हातातली सिरिंज ओढून स्वतःच तोंडात घातली. निम्मं दूध माझ्या अंगावर!

टीपीएन आता आठवड्यातून चारच रात्री. पुढच्या भेटीला वजनाची वही आणते. लघवीच्या सोडियमचा रकाना त्यात मीच आखलाय.

तुमची,
वॉर्डातली चिडकी आई