जिभाऊ, रोज संध्याकाळच्या त्या फोनबद्दल

आदरणीय जिभाऊ,

सा. न. वि. वि.

आईच्या हिमाचलातल्या स्पितीच्या प्रवासाबद्दल फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणता आणि विषय सरळ गिरणीच्या लाइटबिलावर नेता. म्हणून म्हटलं, आता लिहूनच टाकू, आणि तेही चारचौघांसमोर. तुम्हाला हे आवडायचं नाही, ठाऊक आहे मला. पण जळगाव-धुळ्याकडून हल्ली बरीच मंडळी स्पितीला निघालीत, आणि त्यातल्या सगळ्यांनाच तुमच्यासारखं कुणी भेटत नाही. आम्हालाही आधी भेटलं नव्हतंच.

आधी भेटला तो एजंट. थंडगार एसी ऑफिस, भिंतीवर डोंगरावरच्या 'की' नावाच्या बौद्ध मठाचा हा एवढा मोठा फोटो, समोर चहा. आईला स्पितीतला ताबोचा जुना बौद्ध मठ बघायचाय, एवढंच आम्ही सांगितलं होतं. त्याने कॉम्प्युटरवर बोट फिरवलं आणि म्हणाला, पहिल्या दिवशी मनाली, दुसऱ्या दिवशी डायरेक्ट स्पितीतलं काझा. मी विचारलं, आईचं वय सत्तरीच्या पुढे, बीपीची गोळी चालू, एवढ्या उंचीवर एकदम कसं जमेल? तर म्हणे, "ताई, टेन्शन नका घेऊ, गाडीत ऑक्सिजन असतो ना." आणि ताबो? "तिथे काही नाही हो, जुन्या मातीच्या खोल्या आहेत. त्या वेळात मनालीला चार चाकी बाइकची राइड बसवून देतो." आई माझ्या शेजारीच बसली होती. उभी हयात चित्रकला शिकवण्यात गेलेल्या बाईला तो चार चाकी बाइक देत होता! ॲडव्हान्स मात्र चटकन घेतला. आम्ही नको म्हटल्यापासून साहेब कायम बाहेर गेलेले असतात.

बाकीच्यांचं काय सांगू? नातेवाइकांनी शेगाव सुचवलं. दरवर्षी बुलेटवर लडाखला जाणाऱ्या एका गृहस्थांना फोन केला, तर त्यांनी स्वतःचेच पराक्रम ऐकवले आणि शेवटी म्हणाले, "तुमच्यासारख्यांचं काम नाही ते." माझ्यासारख्यांचं म्हणजे कुणाचं, ते काही बोलले नाहीत.

मग शाळेतल्या शिपाईदादांनी तुमचं नाव काढलं. आमच्या गावचे आहेत, ग्रेफमध्ये, म्हणजे सीमेकडचे रस्ते बांधणाऱ्या दलात होते, त्याच स्पितीच्या रस्त्यावर बर्फ उपसत होते, आता पिठाची गिरणी चालवतात. मी फोन केला तेव्हा मागे गिरणीचा पट्टा वाजत होता. "फोनवर नको ताई, मी येतो," म्हणालात. आणि आलात हो! मे महिन्यात, भर दुपारच्या एसटीने, जळगावच्या त्या उन्हात. आम्हाला लाजल्यासारखं झालं. पंख्याखाली बसलात, तांब्याभर पाणी प्यालात आणि पहिला प्रश्न मला नाही, आईला केलात, "माय, तुला काय पाह्यचंय ते सांग."

आईने सांगितलं. अजिंठ्याला ती शाळेच्या पोरांना वर्षानुवर्षं घेऊन जायची. इथून साठ किलोमीटर, आपलं घरचंच. ताबोला हिमालयातलं अजिंठा म्हणतात हे तिने कुठेतरी वाचलं होतं, तेव्हापासून मनात धरून होती. बास. तेवढं ऐकून तुम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरचं एप्रिलचं पान मागितलंत आणि त्याच्या पाठीवर पेन्सिलीने लिहायला बसलात.

ते पान अजून आहे माझ्याकडे. त्यात हॉटेलांची नावं नाहीत, "पॉइंट" नाहीत. फक्त मुक्कामाचं गाव आणि त्यापुढे मीटर. जळगाव २०९, असं सगळ्यात वर लिहून त्याखाली तुम्ही दोन रेघा ओढल्यात. मला तिथेच कळलं की या माणसाने आपला प्रश्न ऐकलाय. मनाली दोन हजारांवर, काझा साडेतीन हजारांच्या वर आणि मध्ये कुंझुम खिंड साडेचार हजारांच्याही वर. दोनशे मीटरवर आयुष्य काढलेल्या बाईला एका दिवसात ते सगळं चढवायला निघाले होते! तुम्ही उलटं फिरवलंत. जाताना शिमल्याकडून, सतलजच्या काठाने, किन्नौरमधून हळूहळू. कल्पा २,९६०. तिथून एकदम वर नाही. "नाकोला थांबा, तळं बघा, जेवा, पण झोपायला खाली ताबोला. दिवसा माणूस कुठे जातो ते महत्त्वाचं नाही ताई, रात्री कुठे झोपतो ते महत्त्वाचं." नाको ३,६०० च्या वर, ताबो ३,२८०. नकाशावर ताबो पुढे आहे आणि तरी खाली आहे, हे त्या एसी ऑफिसातल्या साहेबांना कुणी सांगितलंच नसावं. कुंझुम सगळ्यात शेवटी, परतताना, रक्ताला सवय झाल्यावर.

महिनाही तुम्हीच ठरवलात. जुलै-ऑगस्टात किन्नौरच्या बाजूला दरडी कोसळतात, म्हणून गणपती गेल्यावर निघायचं. गाडी स्थानिक, ड्रायव्हर पहाडी. अंधार पडला की चाक हलवायचं नाही. कुंझुमच्या पलीकडचे नाले सकाळीच ओलांडायचे, कारण दुपारी ऊन तापलं की वरचं बर्फ वितळतं आणि सकाळी घोटाभर असलेलं पाणी गुडघ्यावर येतं. आणि एका दिवसापुढे तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. मी विचारलं, हा दिवस राहिला का? "राहिला नाही, ठेवलाय." उंचीवरच्या गोळीचं विचारलं तेव्हा मात्र हात जोडलेत, "ते डॉक्टरला विचारा, माझं काम रस्त्याचं." माहीत नसलेल्या गोष्टीवर गप्प बसणारा सल्लागार मी पहिल्यांदाच पाहिला.

तिकिटं, बुकिंग, कोण कुठे भांडलं, ते पुराण इथे लावत नाही. ताबोचं मात्र सांगायलाच हवं. आईने बजावलंय, जिभाऊला नीट सांग.

बाहेरून त्या खरंच मातीच्या खोल्या आहेत, एजंट तेवढं खोटं बोलला नव्हता. बसक्या, धुळीच्या रंगाच्या, कुणी मुद्दाम बघायला जाईल असं काही नाही. ठेंगण्या दारातून वाकून आत गेलो तर मिट्ट काळोख. फोटो काढायला बंदी आहे, ते एक बरंच झालं. आईने टॉर्च लावला आणि अंधारातून मधली वैरोचन बुद्धाची मूर्ती पुढे आली, चारी दिशांना तोंड केलेली. मग भिंतींवर, डोक्याच्या वर, मातीत घडवलेल्या देवता, जणू भिंतीतूनच बाहेर येऊन बसल्यात. त्यांच्या खाली चित्रं. टॉर्चचा गोल उजेड जाईल तेवढंच दिसायचं. एक हात, एक वस्त्राची किनार, एक घोडा. आई एकेक वीत पुढे सरकत होती. बराच वेळाने बोलली ते बाईंच्या आवाजात, "अजिंठ्याला लिंपणाच्या मागे डोंगराचा दगड तरी आहे. इथे भिंतसुद्धा मातीचीच, बघ." इ. स. ९९६ चं बांधकाम ते. १९७५ च्या भूकंपाने सगळा किन्नौर-स्पिती हलला, तेव्हा या भिंतींनाही मार बसला, पण चित्रं राहिली. भिक्षूंची प्रार्थनेची मोठी नवी इमारत शेजारी नंतर उभी राहिली. आम्ही बाहेर आलो तर आईच्या गुडघ्यांना माती लागलेली. खालच्या चित्रांसाठी ती चक्क जमिनीवर बसली होती. ताबोला दोन मुक्काम का लिहिलेत ते तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा आत गेली, वही घेऊन.

आता त्या फोनचं.

निघताना तुम्ही मुक्कामाच्या घरांचे नंबर मागून घेतलेत. मला वाटलं, अडीअडचणीला असावेत म्हणून. पहिल्या संध्याकाळी दिवेलागणीला फोन वाजला. कसा झाला प्रवास, काय पाहिलं, रस्ता कसा होता, यातलं काही नाही. "माय जेवनी का?" एवढंच. मी म्हटलं, हो, जेवली. "बरं मग," आणि फोन ठेवलात. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्याही. मला रेंज नसली की घरमालकाच्या फोनवर. तुमचं हिंदी कानावर यायचं, "वो माताजी खाना खाया क्या?" आम्ही हसायचो, खरं सांगते. एवढ्या मोठ्या हिमालयात या माणसाला आईच्या ताटाचीच काळजी!

काझाला पोचलो त्या संध्याकाळी आईने ताटाला हातच लावला नाही. डोकं जड झालंय, म्हणाली. प्रवासाचा शीण असेल, असं आम्ही सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी लांगझा, हिक्कीम, कोमिक ही गावं करायचं ठरलं होतं, सगळी ४,४०० मीटरच्या आसपास नाहीतर वर. ड्रायव्हरला वेळही सांगून झाली होती. आणि फोन वाजला. "नाही जेवली," म्हटल्यावर तुम्ही क्षणभर गप्प झालात. मग एकामागून एक, तोलून. उलटी झाली का? चालताना झोक जातोय का? बोलणं नीट आहे ना? पाणी किती प्यायली? "उद्या वर जायचं नाही. तो रिकामा दिवस उद्याच वापरा. रात्रीतून डोकं वाढलं, उलट्या झाल्या, तर सकाळची वाट बघू नका, खाली ताबोला उतरा. ड्रायव्हरला फोन द्या." त्याच्याशी काय बोललात देव जाणे, तो रात्रभर गाडी दाराशी लावून त्याच घरात झोपला. घरमालकिणीने आईला लसूण घातलेलं गरम सूप दिलं. रात्री तुमचा पुन्हा फोन, पहाटे पुन्हा.

उंचीचा त्रास आधी भूक मारतो, डोकं धरतो, ही गोष्ट परतल्यावर आमच्या डॉक्टरांनी समजावली. तुम्ही कधीच समजावली नाहीत. "आईला लक्षणं आहेत का?" असं रोज विचारलं असतंत तर आई घाबरून अर्ध्या रस्त्यातून परतली असती. तुम्ही जेवण विचारलंत. आपल्याकडे ते कुणीही कुणालाही विचारतं, आणि आईनेही कधी खोटं सांगितलं नाही, कारण त्यात लपवण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती आपणहून म्हणाली, ते शेवयांचं पातळ आहे का अजून? थुक्पा दोन वाट्या. घरमालकिणीच्या चुलीवर बिबड्याही, आपले ज्वारीचे पापड, भाजल्या आणि तिलाच खायला घातल्या. संध्याकाळी तुमच्या फोनची आई स्वतःच वाट बघत बसली होती. "जेवनी!" असं मी काही बोलायच्या आत ओरडली.

कोमिक राहिलं, राहू दे. हिक्कीमला गेलो, जीव रमेल एवढंच थांबलो. तिथल्या पोस्टातून आईने तुम्हाला कार्ड टाकलंय, त्यावर ताबोतला तो घोडा काढलाय, आठवणीने.

आणखी एक तुमचं काम केलं. नाकोच्या पुढे मलिंग नाल्यापाशी रस्ता थोडा वेळ बंद होता. तुम्ही म्हणाला होतात, रस्त्यावरच्या मजुरांना गाडीतून बिस्किटं फेकू नका, उतरून बोला. उतरलो. झारखंडची पोरं होती, तोंडं धुळीने माखलेली. आमचे जिभाऊ इथे काम करायचे म्हटल्यावर त्यातल्या एकाने आईला बसायला स्वतःचं फळकुट झटकून दिलं. मला वाटतं, तुम्ही ज्या मातीचे आहात ती अशा ठिकाणीही असते. ज्याला आपल्याकडून काही मिळायचं नाही, पुन्हा भेटही व्हायची नाही, त्यानेच जागा झटकून द्यावी. आणि ज्याने पैसे घेतले त्याने फोन उचलू नये. चांगुलपणा शिकलेल्यांत जास्त की पैसेवाल्यांत, यावर भाषणं खूप ऐकली. मला आता एवढं समजतं की तो एसटीच्या मागच्या सीटवरून, भर मे महिन्यात, पदरच्या तिकिटाने येतो. तिकिटाचे पैसेसुद्धा घेतले नाहीत तुम्ही. "गिरणी आहे ना," म्हणालात.

त्या ॲडव्हान्सचं आता आम्ही ग्राहक आयोगाकडे बघणार आहोत. तुम्ही "जाऊ द्या" म्हणाल, पण ते मी तुमचं ऐकणार नाही.

तुमचा थर्मास आमच्याकडेच आहे. पार्सलने पाठवणार नाही. भरिताची वांगी बाजारात आली की तो घ्यायला तुम्ही आणि काकू दोघांनी यायचं, मुक्कामाने. कळण्याच्या पुऱ्या आई स्वतः करणार आहे, मी फक्त तळणार.

आपली,
बाईंची मुलगी, जळगाव