अप्पांकडच्या माणसांची चौकशी केल्याबद्दल

मॅडम,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या हातातही देता आलं असतं. उघडपणे लिहितोय, कारण आमच्यासारखी घरं पुष्कळ असणार आणि त्यातल्या पुरुषांना तुमच्यासारखं कुणी भेटलेलं नसणार.

ताईला 39 व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर निघाला. पहिल्या हॉस्पिटलात फॉर्म भरताना विचारलं, "आईकडे कुणाला होता का?" आईला नाही, मावशीला नाही, आजी नव्वदीत गेली. "नाही"वर खूण झाली आणि विषय मिटला. पुढे केमो संपत आली तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी तुमच्याकडे, आनुवंशिक आजारांबद्दल सल्ला देणाऱ्या मॅडमकडे, पाठवलं. मी फक्त गाडी चालवायला सोबत आलो होतो.

तुम्ही कोरा कागद आडवा धरलात. बाईला गोल, पुरुषाला चौकोन. आजार झालेल्याचा आकार काळा, गेलेल्यावर तिरकी रेघ, ताईच्या गोलाला बाण. आईची बाजू पाच मिनिटांत झाली. मग म्हणालात, "आता वडिलांकडचं सांगा, सावकाश." माझ्या मनात आलं, बायकांच्या आजाराचा वडिलांकडच्यांशी काय संबंध? आत्या कशानं गेली, असं विचारलंत. पोटात पाणी झालं होतं, पंचेचाळिशीत गेली, एवढंच आम्हाला ठाऊक. "पाणी कशामुळे झालं?" हे घरात कधी कुणी विचारलंच नव्हतं. तासगावला आतेबहिणीला फोन लावायला सांगितलात. तिनं ट्रंकेतली जुनी फाइल काढून फोटो पाठवला. अंडाशयाचा कॅन्सर. थोरल्या काकांना प्रोस्टेटचा, हाडांत पसरलेला, हे मलाच आठवलं. एक गोल आणि एक चौकोन काळा झाला. त्यांच्या शेजारी अप्पांचा, म्हणजे आमच्या वडिलांचा, चौकोन तसाच कोरा. अप्पा 74 वर्षांचे, अजून द्राक्षाच्या छाटणीला स्वतः उभे राहतात.

त्या कोऱ्या चौकोनावर पेन टेकवून तुम्ही सांगितलंत ते मी आजवर निदान वीस जणांना सांगितलं असेल. असा कॅन्सर घराण्यात उतरतो तो बऱ्याचदा बीआरसीए नावाच्या जनुकांतल्या दोषामुळे. हे नाव 'ब्रेस्ट कॅन्सर' या शब्दांवरून पडलं, म्हणून पुरुषांना वाटतं की हे आपलं नव्हेच. पण बीआरसीए-2 हे जनुक तेराव्या गुणसूत्रावर असतं, मुलगा की मुलगी हे ठरवणाऱ्या एक्स किंवा वाय गुणसूत्रावर नाही. बाप असो की आई, ज्याच्यात दोष आहे त्याच्याकडून प्रत्येक अपत्याकडे तो जाण्याची शक्यता निम्मी, मग मुलगा असो की मुलगी. या जनुकाचं काम तुटलेला डीएनए सांधण्याचं, रफू करणाऱ्यासारखं. ते काम दोघांच्याही शरीरात बिघडतं. फरक पडतो तो आजार कुठे आणि किती जणांना होतो, यात.

मग आकडे. ताईचा चेहरा बघून तुम्ही टक्के बाजूला ठेवलेत आणि "शंभर जणी समोर बसल्यात असं समजा" म्हणालात. असा दोष असलेल्या शंभर बायकांपैकी ऐंशीव्या वर्षापर्यंत सुमारे 69 जणींना स्तनाचा आणि 17 जणींना अंडाशयाचा कॅन्सर होतो. शंभर पुरुषांपैकी सुमारे 27 जणांना प्रोस्टेटचा, चौघांना स्तनाचा. चार म्हणजे थोडेच, असं मी म्हणालो. तुम्ही म्हणालात, "एरवी हजारात एखादाच असतो. आणि पुरुष छातीतली गाठ महिनोन्‌महिने अंगावर काढतात, कुणाला सांगत नाहीत." मग माझ्याकडे वळून विचारलंत, "तुमची तपासणी कधी करायची?" ताईच्या आजारात तोवर मला कुणी पेशंट म्हणून पाहिलं नव्हतं.

रिपोर्ट आले. ताई, मी आणि अप्पा, तिघांतही तोच दोष. ताईला पुढे ओलापॅरिब या कॅन्सरवरच्या औषधाच्या गोळ्या सुरू झाल्या, त्याही या रिपोर्टमुळेच. पण मला बोलायचंय ते अप्पांबद्दल. टोपी काढून मांडीवर ठेवली, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "म्हंजे पोरीला हे म्या दिलं व्हय?" मी "तसं काही नाही" म्हणणार होतो. तुम्ही हातानंच मला थांबवलंत. अप्पांना रडू दिलंत, कुठलीही घाई केली नाहीत. नंतर विचारलंत, "अप्पा, तुम्हाला हे कुणाकडून आलं?" ते म्हणाले, "आई न्हाईतर बाकडनं." "त्यांच्यावर राग आहे तुमचा?" अप्पांनी मान हलवली. नाही. ताई उठून त्यांच्याजवळ जाऊन बसली. मॅडम, त्या दिवसानंतर अप्पा पुन्हा जेवायला लागले. तुम्हाला हे माहीत नसणार, म्हणून मुद्दाम लिहितोय.

आता मी 46 वर्षांचा आहे. दरवर्षी पीएसए, म्हणजे प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी, करतो, महिन्याला आंघोळीच्या वेळी छाती तपासतो, लाज वाटत नाही. बायकोनं विचारलं होतं, मुलीचं ठीक आहे, पण मुलाला कशाला यात ओढायचं? तिला मी तोच कागद उलगडून दाखवला. मुलगी 17 ची आहे. अठरा झाल्यावर ती स्वतः ठरवेल, आपण ओढून आणायचं नाही, हे तुम्ही बजावलंत आणि लग्नाची काळजी करणाऱ्या तिच्या आजीलाही समजावलंत, तेही फोनवर, दवाखान्याची वेळ संपल्यानंतर.

आतेबहीण इतकी वर्षं स्वतःला सुरक्षित समजत होती. फाइल तिच्याच ट्रंकेत होती. तिची आणि थोरल्या काकांच्या मुलाची तपासणी पुढच्या महिन्यात आहे. आता घरातला नेमका दोष माहीत असल्यामुळे तेवढाच शोधायचा, खर्चही कमी येतो. दोघांना घेऊन मी येतोय. अप्पाही निघालेत, द्राक्षाची पेटी घेऊन. तुम्ही नको म्हणाल, तरी या वेळी घ्याच.

आपला,
ताईचा भाऊ