ताई, 'ॲक्च्युअल' या एका शब्दासाठी आभार

प्रिय ताई,

तुमच्या निरोप समारंभात हे बोलायचं मनात होतं. पण कौतुक सुरू झालं की तुम्ही लगेच विषय बदलता, हे माहीत असल्याने तेव्हा गप्प बसलो. आता सगळ्यांसमोर लिहितोय, म्हणजे मध्येच थांबवता येणार नाही.

मी नवीन होतो तेव्हा कम्प्युटरची प्रत्येक बातमी म्हणजे माझ्यासाठी कुस्तीचा सामना होता. दुपारच्या सुट्टीत वाद पेटला की मी आवाज चढवायचो आणि तुम्ही शांतपणे ऐकत बसायचात. एकदा मी तो किड्याचा किस्सा रंगवून सांगितला. ९ सप्टेंबर १९४७, हार्वर्ड मार्क टू हा अवाढव्य संगणक, त्याच्या रिलेत, म्हणजे विजेने उघडझाप होणाऱ्या स्विचमध्ये, अडकून मेलेला पतंग, दिव्याभोवती घिरट्या घालतो तो. कर्मचाऱ्यांनी तो चिकटपट्टीने नोंदवहीत चिकटवला आणि तेव्हापासून संगणकातल्या चुकीला 'बग', म्हणजे किडा, म्हणायला लागले, असं मी ठासून सांगितलं. सगळ्यांनी दाद दिली. तुम्हीही हसलात आणि म्हणालात, "त्या पतंगाखाली काय लिहिलंय, वाच बरं."

मी फोनवर नोंदवहीचं ते पान उघडून वाचलं. 'फर्स्ट ॲक्च्युअल केस ऑफ बग बीइंग फाउंड.'

"ॲक्च्युअल का लिहिलं असेल रे?"

एवढंच विचारलंत. मला मिनिटभर काही सुचेना, आणि मग एकदम उलगडलं. 'बग' हा शब्द आधीपासून रुळलेला नसता, तर 'खरोखरचा बग सापडला' असं लिहिण्यात काही गंमतच नव्हती. लिहिणाऱ्याने थट्टा केली होती आणि मी तिला शब्दाचा जन्म समजत होतो. एडिसनने १८७८ सालच्या एका पत्रात यंत्रातल्या बारीकसारीक दोषांना 'बग' म्हटलंय, हे तुम्ही मला संध्याकाळी सांगितलंत, आपण दोघंच असताना. दुपारी सगळ्यांसमोर सांगितलं असतंत तर मी पुन्हा त्या गप्पांत तोंड उघडलं नसतं. पहिले आभार त्या संध्याकाळचे.

दुसरे आभार एका कानउघाडणीचे. नव्याने आलेल्या मुलीने एक साधा प्रश्न विचारला, मी त्यावर कोटी केली, सगळे हसले आणि ती पुढे आठवडाभर काही बोलली नाही. तुम्ही मला बाजूला घेऊन पाऱ्याची गोष्ट सांगितलीत. १९८२ साली कार्नेगी मेलन विद्यापीठात, लिफ्टमध्ये पारा सांडल्याची कुणीतरी केलेली थट्टा काहींना खरीच वाटली. मग थट्टा ओळखायची कशी, यावर चर्चा झाली आणि १९ सप्टेंबरला स्कॉट फालमन यांनी अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस जोडून हसरा चेहरा सुचवला. "थट्टा करणाऱ्याने खूण करायची असते," तुम्ही म्हणालात, "ओळखायचं काम समोरच्यावर टाकायचं नसतं." त्याच दिवशी मी तिची माफी मागितली. आज ती आमच्यातली सगळ्यात खमकी वाद घालणारी आहे, आणि त्याचं श्रेय तुमचं आहे.

आणि आपला तो कायमचा वाद! जानेवारी १९९२. मिनिक्स ही संगणक चालवणारी प्रणाली लिहिणारे ॲमस्टरडॅमचे प्राध्यापक टॅनेनबाम यांनी, टोरवाल्ड्सने लिहिलेली तशीच प्रणाली लिनक्स कालबाह्य आहे असं जाहीर केलं. अख्खं कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, एका गठ्ठ्यात बांधणं म्हणजे सत्तरच्या दशकात परत जाणं, असं त्यांचं म्हणणं. बावीस वर्षांचा टोरवाल्ड्स तडकून उत्तर देतो आणि लगेच आपल्या भाषेबद्दल माफीही मागतो, मुद्दा मात्र सोडत नाही. मी टोरवाल्ड्सच्या बाजूचा, तुम्ही टॅनेनबामच्या. २०१७ साली जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांपैकी सगळेच्या सगळे लिनक्सवर आले, तेव्हा मी उड्या मारत तुमच्याकडे आलो. तुम्ही शांतपणे त्याच वर्षीची दुसरी बातमी पुढे केलीत. इंटेलच्या चिपमधल्या मॅनेजमेंट इंजिन या छोट्या स्वतंत्र संगणकात टॅनेनबाम यांचं मिनिक्स चालतंय, म्हणजे माझ्याच लॅपटॉपच्या पोटात तुमचा पक्ष बसलेला! इतकं मनापासून मी क्वचितच हसलोय.

पण या गोष्टीतला माझा सगळ्यात लाडका भाग तुम्ही शेवटी सांगितलात. लिनक्स टोरवाल्ड्सने स्वतः लिहिलंच नसेल, ते मिनिक्सवरून उचललं असेल, असा आरोप २००४ साली झाला. तो खोटा आहे असं जाहीरपणे लिहायला पुढे आले ते टॅनेनबामच. ज्याची रचना त्यांना पटली नव्हती, त्याच्याच बाजूने. हे सांगताना तुमचा आवाज जड झाला होता. तो मी अजून जपून ठेवलाय.

तुम्ही निवृत्त झाल्यापासून बातम्या तेवढ्याच येतात, पण "मूळ कुठे लिहिलंय ते दाखव" असं म्हणणारं कुणी नाही. ते आता मीच म्हणतो. कधीकधी लोक वैतागतात.

एक्सझेडचा, म्हणजे फाइली आकसवणाऱ्या त्या उघड्या कोडच्या साधनाचा, वाद मात्र अर्धवट राहिलाय. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या सॉफ्टवेअर अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं आणि त्या धाग्यावरून त्यांनी एक्सझेडमध्ये कुणीतरी लपवलेलं आख्खं चोरदार शोधून काढलं. कोड उघडा होता म्हणूनच सापडलं, असं मी म्हणालो. तुम्ही म्हणालात, त्यांनी आधी उशीर पाहिला, कोड नंतर. आणि ते दार बसवणारा तुकडा सगळ्यांना दिसणाऱ्या कोडच्या साठ्यात नव्हताच, तो वापरणाऱ्यांना वाटलेल्या गठ्ठ्यात होता. हे मी तपासलं. बरोबर आहे. पण कोड बंद असता तर त्या अर्ध्या सेकंदाचं पुढे त्यांनी काय केलं असतं?

याचं उत्तर घेऊन या. मी वाट बघतोय.

तुमचा,
टोरवाल्ड्सच्या बाजूचा