बाई, तुमचे जाहीर आभार

प्रिय बाई,
सप्रेम नमस्कार.

अमूर्त चित्रं काढते म्हटलं की लोक विचारतात, "यात नेमकं काय आहे?" तुम्ही हे कधीच विचारलं नाहीत. तुम्ही विचारायचात, "यातलं काय काढून टाकलं तर चित्र कोसळेल?" माझं सगळं काम आजही याच प्रश्नावर उभं आहे. चित्रकाराच्या कॅटलॉगमध्ये शिक्षकाचं नाव क्वचितच येतं, म्हणून हे आभार चारचौघांत मानते आहे.

सुरुवात तुम्ही रंगापासून करू दिली नाहीत. आधी कॅनव्हास. जेसोचा, म्हणजे रंगाआधी लावायच्या पांढऱ्या अस्तराचा, पातळ हात द्यायचा, वाळला की बारीक पॉलिश पेपरने घासायचा, तिरप्या उजेडात धरून बघायचं आणि पुन्हा हात द्यायचा. ज्या चित्रात दोनच गोष्टी असतात, तिथे विणीतली एखादी गाठसुद्धा तिसरी होऊन बसते. सरळ कड हवी असेल तर मास्किंग टेपच्या काठावरून आधी खालचाच रंग फिरवायचा. जो झिरपायचा तो तोच झिरपतो, फट बुजते, आणि मग वरच्या रंगाची कड सुरीने कापल्यासारखी निघते. हे कुठल्या व्याख्यानात मिळालं नसतं.

अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे तुम्ही मला त्यांच्या संथपणातून दाखवलेत: रोलरने आणि पॅलेट नाइफने रंग चढवणं, उतरवणं, आणि वर्षाकाठी मोजकीच चित्रं. पण मला खरा धीर आला तो नसरीन मोहमदींमुळे. १९७२पासून त्या बडोद्याला शिकवत होत्या. भोवतीचे चित्रकार माणसांच्या, गोष्टींच्या चित्रांकडे वळत होते, आणि या मात्र कागद, पेन्सिल, शाई आणि रेषा एवढ्यावरच थांबल्या. त्या रेषा जवळून बघायला लावल्यात तुम्ही. कुठे दाब कमी होतो, कुठे दोन रेषांमधलं अंतर केसभर वाढतं आणि सपाट कागद एकदम खोल होतो! कमी काढणं म्हणजे कमी सांगणं नव्हे, हे मला तिथे पटलं.

मधल्या काळात माझं काम बंद पडलं होतं. "पुन्हा कधी सुरू करणार?" असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत, त्याचे आभार सगळ्यात जास्त. अमेरिकी अमूर्त चित्रकार अ‍ॅग्नेस मार्टिन १९६७मध्ये न्यूयॉर्क सोडून गेल्या, चांगलं नाव झालेलं असताना कित्येक वर्षं चित्रापासून लांब राहिल्या आणि सत्तरच्या दशकात पुन्हा रंगवू लागल्या, एवढंच सांगितलंत आणि विषय बदललात.

सध्या एक करडं चित्र चालू आहे. दोन पट्टे आहेत. खालचा जावा असं वाटतंय, पण अजून ठरत नाही. फोटो पाठवत नाही, फोटोत करड्याच्या छटा मरतात. सवड काढून तुम्हीच बघायला या.

तुमची विद्यार्थिनी