बाबा, तुमचं काही चुकलेलं नाही

पुणे, रविवार, 2 मार्च 2025

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

गुरुवारी फोनवर बाबा म्हणाले, "यंदाही कलमं धरली नाहीत. आमचंच काहीतरी चुकत असेल गो." तेव्हा मला धड काही बोलता आलं नाही आणि तीन दिवस ते डोक्यातून जातही नाही. म्हणून पत्र लिहायला बसले. आई, मोतीबिंदूचं ऑपरेशन होईपर्यंत बाबांच्या डोळ्यांना ताण नको, तूच वाचून दाखव.

बाबा, तुमचं काही चुकलेलं नाही. खत वेळेवर पडलं, फवारण्या तर चार झाल्या. पण हापूसला मोहोर यायला थंड रात्री लागतात, आणि डिसेंबरात नेमकं आभाळ आलं, तुडतुडे पडले. मग उशिरा थंडी पडली तेव्हा सुपारीएवढ्या कैऱ्या धरलेल्या फांद्यांनाच पुन्हा मोहोर फुटला आणि आधीची फळं गळाली. जी राहिली ती गेल्या आठवड्यातल्या उन्हाने भाजली. फेब्रुवारी सरायच्या आत कोकण किनाऱ्याला उष्णतेच्या लाटेचा इशारा, असं आजोबांच्या काळी कधी झालं होतं का?

निसर्ग वादळाचंही तेच. 3 जून 2020. त्यानंतर सहा दिवस तुमचा फोन लागला नाही. लॉकडाऊनमुळे मला निघता येईना. ते सहा दिवस मी कसे काढले, ते मी तुम्हाला कधीच सांगितलं नाही. नंतर घरी आले तेव्हा आगरातल्या पोफळी मधोमध मोडून एकाच दिशेला आडव्या पडल्या होत्या, आणि बाबा खळ्यात बसून नुसते मोजत होते. अरबी समुद्र एरवी बंगालच्या उपसागराच्या मानाने शांत. पण समुद्राचं पाणी साधारण 27 अंशांच्या वर तापलं की वादळाला खाद्य मिळतं, आणि आपला समुद्र आता त्याहून बराच जास्त तापतो. म्हणून तर पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आलं, आणि जुलैत एका रात्रीच्या पावसाने चिपळूण बुडालं. हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावतं. ते कोसळतं तेव्हा असं कोसळतं.

आई, तू विचारलं होतंस की हे नेमकं होतं कशाने. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळलं की कार्बन डायऑक्साइड वर जातो आणि पृथ्वीभोवती गोधडीसारखा राहतो. कारखाने आले त्याआधी हवेच्या दर दहा लाख भागांत तो 280 होता, आता 420 च्या वर गेलाय. गोधडी जाड झाली. 2024 हे वर्ष त्या जुन्या काळापेक्षा सरासरी दीड अंशाने गरम गेलं, नोंदी ठेवायला लागल्यापासूनचं सगळ्यांत गरम.

आता ही गोधडी कोणी जाड केली, तो हिशोब सांगते, कारण मला तोच सांगायचा आहे. तुमचं बिल महिन्याला साठ युनिटचं. आपल्याकडे वीज बहुतेक कोळशावरची, म्हणजे युनिटमागे साधारण पाऊण किलोच्या आत-बाहेर कार्बन डायऑक्साइड. सिलिंडर दोन महिने पुरतो. सगळं धरून तुमच्या दोघांच्या घराचे महिन्याला साठ-पासष्ट किलो होतात. आणि मी? रोज गाडीने ऑफिसला जाऊन येऊन चव्वेचाळीस किलोमीटर, महिन्याला पासष्ट लिटर पेट्रोल, लिटरमागे 2.3 किलो. म्हणजे दीडशे किलो. माझी एकटीची गाडी तुमच्या अख्ख्या घराच्या दुपटीहून जास्त, आणि त्यात एसी धरलेलाच नाही. तो आकडा कागदावर मांडला त्या रात्री मला झोप लागली नाही. वाडी तुमची पडली आणि धूर माझा होता.

म्हणून जानेवारीपासून मी कंपनीच्या बसने जाते. पाऊण तास आधी उठावं लागतं, पण पेट्रोल निम्म्याहून खाली आलंय. एसी लागलाच तर 26 वर आणि सोबत पंखा. पंखेही बदलले, जुना 75 वॉट खायचा, नवा तीसच्या आसपास. सोसायटीच्या गच्चीवर सोलर पॅनल बसवायचं तीन सभा चाललंय, त्याच्या मी मागे लागले आहे. आणि ओला कचरा डेपोत पाठवत नाही, कारण तिथे तो दाबून कुजला की त्याचा मिथेन होतो, आणि तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जास्त उष्णता धरून ठेवतो. रात्रीचा भात सकाळी फोडणीला टाकायचा, भांड्यावर झाकण ठेवायचं, एका खोलीत दिवा लावला की दुसरीतला घालवायचा, हे सगळं आई, तू आम्हाला शिकवलेलंच. मी शहरात येऊन विसरले होते.

तुमच्याकडून मला दोनच गोष्टी हव्यात. पहिली, वाळलेल्या पानांचा पातेरा जाळू नका. दर फाल्गुनात वाडी झाडून तुम्ही पेटवता, वाडी स्वच्छ दिसते, मलाही तो वास आवडायचा. पण त्या धुराने आईचा खोकला बळावतो, आणि वारा फिरला तर वणवा कलमांत शिरायला वेळ लागत नाही. तोच पातेरा कलमांखाली वीतभर जाड पसरला तर ओल टिकते, आणि जमिनीतून वर येणारी धग कमी होते. फळात साका पडायला ही धगही कारण आहे, बाबा. गेल्या वर्षी डझनामागे तीन आंबे आतून पांढरे निघाले होते, आठवतंय ना? फक्त बुंध्यापासून थोडं अंतर ठेवायचं, वाळवी लागू नये म्हणून.

दुसरी, न्हाणीतलं चुलाणं. धुराने आईचे डोळे चुरचुरतात. पडवीच्या पत्र्यावर आता दिवसभर ऊन असतं, कारण त्यावर सावली धरणारे माड निसर्ग वादळात गेले. तिथे पाणी तापवायचा सोलर बसवू, पैसे मी देते. आषाढ-श्रावणात ऊन नसेल तेव्हा चुलाणं आहेच. वीजही करता येईल. एक किलोवॉटला केंद्र सरकारचं 30,000 रुपयांचं अनुदान आहे, आणि तुमची साठ युनिटं त्यात आरामात भागतील. पण तो पत्रा पॅनलचं वजन पेलेल का, ते आधी दाखवून घेऊ.

आणि बाबा, हे माझ्यासाठी ऐका. बारा ते चार वाडीत जाऊ नका. आपल्याकडची हवा दमट, घाम येतो पण सुकत नाही आणि अंगातली उष्णता अंगातच राहते. सत्तरीनंतर तहानही वेळेवर कळत नाही. आई, कोकमाचं सरबत मीठ घालून तांब्याभर त्यांच्या हाताशी ठेव, स्वतःही घे.

शिमग्याला येतेय, एसटीने. पालखी घरी येईल त्याच्या आदल्या दिवशी पोचते. पातेरा तेवढा एका बाजूला ढीग करून ठेवा. मी आले की आपण दोघं मिळून पसरू, खालच्या चार कलमांपासून सुरुवात करू.

तुमची,
थोरली