लेझर थंड नसतो

मा. संपादक,

स. न.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ‘लेझर म्हणजे थंड प्रकाश’ असे एक वाक्य आहे. लेख एरवी छान उतरला आहे. माझी तक्रार या एका वाक्यापुरतीच. मी फोंड्यात राहतो, २२ वर्षे लेझर मार्किंगची मशीन्स दुरुस्त करतो. या समजुतीपायी लोकांचे किती पैसे जातात ते रोज बघतो.

गेल्या वर्षी चवथीला आठ दिवस असताना डिचोलीहून एका भांडीवाल्याचा फोन आला. समया-तांब्यांवर नावे घालायला त्याने जुने डायोड पंप्ड याग मशीन घेतले होते. “सकाळी अक्षर केसासारखे बारीक येते, दुपारी जाड आणि फिके. लेन्स गेली काय, पात्रांव?” लेन्स त्याने आधीच बदलून पाहिली होती. वर रोज थोडा थोडा करंट वाढवत नेला होता.

जाऊन बघतो तर चिलरच्या, म्हणजे मशीनमध्ये फिरणारे पाणी गार करणाऱ्या यंत्राच्या, जाळीवर बोटभर धूळ आणि पाणी ३५ अंशांवर. अलार्म सारखा वाजतो म्हणून त्याची वायरच कोणीतरी काढून ठेवलेली!

बिघाड लेन्समध्ये नव्हताच, किंवा खरे तर नको तिथे एक जास्तीची लेन्स तयार झाली होती. या मशीनमध्ये डायोड ८०८ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश निओडिमियम याग नावाच्या स्फटिकाच्या दांडीला देतो आणि दांडी १०६४चा परत करते. तरंगलांबी जास्त तितकी प्रकाशाच्या कणातली ऊर्जा कमी. या दोन आकड्यांतल्या फरकामुळे सगळे अगदी बिनचूक चालले तरी शोषलेल्या ऊर्जेतला २४ टक्के भाग लेझर म्हणून बाहेर येऊच शकत नाही. तो मुख्यतः दांडीतच उष्णता होऊन मुरतो. (नावातच याग, मग तापायचा नाही तर काय!) दांडीच्या कडेला पाणी फिरते, पण गाभा तापलेला राहतो. तापलेल्या भागाचा अपवर्तनांक वाढतो आणि सरळ दांडी भिंगासारखी वागू लागते. किरणाचा ठिपका पसरतो, अक्षर जाडावते. त्यात डायोडही तापला की दर अंशाला त्याची तरंगलांबी साधारण ०.३ नॅनोमीटरने सरकते. दहा अंश वाढले की तीन नॅनोमीटर. यागची शोषणाची पट्टी इतकी अरुंद की तेवढ्याने प्रकाश पुरता शोषला जात नाही. म्हणून अक्षर फिके. अशा वेळी करंट वाढवणे म्हणजे आगीत तेल.

जाळी धुतली, पाणी बदलले, करंट खाली आणला. त्याच दुपारी अक्षर पुन्हा सकाळसारखे आले.

कथा इथे संपली असती तर मी पत्र लिहिले नसते. उष्णतेची धास्ती घेतलेल्या त्या गृहस्थाने चार दिवसांनी चिलर १६ अंशांवर लावला आणि दुकानाचे दार सताड उघडे! पावसाळ्यात आपल्याकडे हवा २७ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असली की दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचे थेंब होऊ लागतात तो अंश, २५च्या थोडा वरच असतो. थंडगार बाटली फ्रीजबाहेर काढल्यावर जसे थेंब जमतात, तसे डायोडच्या तोंडावर जमले. मी पोचलो तेव्हा डायोड मेला होता. नव्याची किंमत ऐकून बिचारा खालीच बसला. ती चवथ त्याने हातातल्या इलेक्ट्रिक पेनवर काढली.

मशीन विकणारे वॉट सांगतात, वेग सांगतात. चिलरच्या पाण्याबद्दल कोणी तोंड उघडत नाही. म्हणून आपल्या वाचकांतल्या दुकानदारांसाठी लिहितो: खोली बंद ठेवा, आधी एसी लावून हवा कोरडी होऊ द्या, मगच चिलर सुरू करा. पाणी डिस्टिल्डच घाला, विहिरीचे नको. पाण्याचे तापमान मशीनच्या पुस्तकात दिलेल्या मर्यादेत, पण खोलीच्या दवबिंदूच्या वर ठेवा. जाळी दर आठवड्याला धुवा. आणि अलार्मची वायर काढू नका.

पुरवणीतली दुरुस्ती शक्यतो चवथीपूर्वी छापावी, कारण नावे घालायची गर्दी त्याआधीच सुरू होते.

आपला,
एक लेझर मेकॅनिक, फोंडा