मावशी, पाटी उपडी घातलीत त्याबद्दल

मावशी, सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमची नात वाचून दाखवणार आहे. तिला आधीच बजावून ठेवा, वाक्यं गाळायची नाहीत, तुमच्या कौतुकाची तर मुळीच नाहीत. तुम्ही मध्येच "पुरे गो, कालवण लागंल खाली" म्हणून उठाल, तरी तिने वाचत राहायचं. तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता, हातात सुक्या बोंबलांची पिशवी कोंबता आणि माझ्यावरचे उपकार आणखी वाढवून ठेवता. म्हणून लिहितेय, आणि चार लोकांनी वाचावं म्हणून उघड लिहितेय.

त्या चार लोकांसाठी थोडं आधीचं. मी बार्शीकडची. आमच्याकडे पाणी म्हणजे बोअरचं, नाहीतर टँकरचं. ते दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं, हे फक्त भूगोलाच्या पुस्तकात वाचलेलं. दिवाळीनंतर मढच्या एका शाळेत नोकरी लागली, तेव्हा घरच्यांनी "मुंबईत लागली" म्हणून पेढे वाटले. मुंबई सात बेटांची असं आपण मुलांना शिकवतो, त्या सातांत मढ नाही, ते उत्तरेकडच्या साष्टी बेटाच्या अंगाचं. वर्सोव्याच्या जेट्टीवर उभं राहिलं की समोरच दिसतं, हाक मारली तर ऐकू जाईल इतकं जवळ. मध्ये खाडी. फेरीबोटीने गेलं तर काही मिनिटं, रस्त्याने जायचं तर मालाड-मार्वेचा वळसा घालून वीस-बावीस किलोमीटर. पूल होणार, होणार असं कधीपासून ऐकू येतंय. होईल तेव्हा होईल.

अंधेरीत राहायला जागा शोधली ते दिवस मला आठवायचेही नाहीत, पण सांगितल्याशिवाय तुमचं मोठेपण कळायचं नाही. एका एजंटाने फोनवर आधी विचारलं, "मॅडम, सिंगल का?" मग विचारलं, "नॉनव्हेज?" दोन्हीला हो म्हटल्यावर त्याच्याकडची जागा त्याच मिनिटाला भाड्याने गेली. एका सोसायटीत घर पसंत पडलं, डिपॉझिटचं बोलणं झालं, आणि नंतर कमिटीला अचानक आठवलं की एकट्या मुलींना देत नाहीत. शेवटी एका पीजीत कॉट मिळाली. तिथल्या बाईंनी सामान ठेवायच्या आधी नियम वाचून दाखवले आणि निघताना डिपॉझिटमधून रंगकामाचे पैसे कापून घेतले. रंग कुठल्या भिंतीला लावला ते त्यांनाच माहीत. ओळखीतले एक काका होते, "मुंबईत आलीस की फोन कर, आपलंच घर आहे" म्हणणारे. आल्यावर फोन केला, तर त्यांच्याकडे पाहुणे होते. पुढच्या आठवड्यातही पाहुणेच होते.

शाळेत माझ्या आधीच्या टीचर वर्ष पूर्ण न करताच गेल्या होत्या. त्यामुळे मी आल्या आल्या स्टाफरूममध्ये चर्चा सुरू झाली, ही शिमग्यापर्यंत टिकेल की पावसाळ्यापर्यंत. कोणी वाईट नव्हतं हो, पण ती चर्चा माझ्यासमोर, माझ्याच डब्यातली चटणी खात चालायची.

आता त्या संध्याकाळचं. अमावास्या होती, हे मला नंतर कळलं. शाळा सुटल्यावर जेट्टीवर आले, तर पाणी जागेवरच नव्हतं. उताराच्या टोकापर्यंत शेवाळ, त्यापुढे काळा चिखल, आणि बोट लांब, नाक वर करून उभी. खलाशाने फळी टाकली होती, पण तिचं एक टोक चिखलात बुडालेलं. लोक सराईतासारखे टणाटण चढत होते. मी एक पाय टाकला तो घोट्याच्या वर आत गेला. काढायला गेले तर चप्पल आत राहिली. खांद्याला बॅग, हातात तपासायच्या वह्यांचा गठ्ठा, त्यामुळे तोल सावरायला हात मोकळा नाही. मागून एक जण ओरडला, "ओ मॅडम, आटपा!" बाइकवाला हॉर्न वाजवू लागला. एका पोराने फोन काढून शूटिंग सुरू केलं. मढला सगळीकडे शूटिंगच चालतं म्हणा, पण त्या दिवशी नटी मी होते.

तुम्ही त्याच बोटीतून उतरत होता. अंधेरीला मासे विकून परत येत होता, लुगडं खोचलेलं, पाय अनवाणी, डोक्यावर ॲल्युमिनियमची पोचे आलेली रिकामी पाटी. माझी तुमची तेव्हा ओळखसुद्धा नव्हती. तुम्ही पाटी उतरवलीत, माझ्या पुढ्यात चिखलात उपडी घातलीत, वरून तळव्याने दाबून बघितलीत आणि म्हणालात, "ठेव पाय, बाय."

मी ठेवेना. कोळणीच्या पाटीला पाय लावायचा नसतो एवढं मला बार्शीतही कळलं असतं. तुम्ही माझ्या हातातल्या वह्या घेतल्यात, छातीशी धरल्यात आणि पुन्हा म्हणालात, "ठेव गो. पोरांचा अभ्यास भिजल." मी पाय ठेवला, तिथून फळीवर, फळीवरून बोटीत. वह्या हातात आल्या तेव्हा वरच्या वहीच्या कव्हरवर मांदेलीचे दोन खवले चिकटले होते. मग तुम्ही चिखलात हात घालून माझी चप्पल काढलीत आणि बोटीत भिरकावलीत. बोट मागे सरत असताना मी बघत होते. तुम्ही पाटी खाडीच्या पाण्यात विसळलीत, कपाळाला लावलीत, पुन्हा डोक्यावर घेतलीत आणि वर निघून गेलात. शूटिंग करणारा पोरगा तोवर फोन खिशात टाकून दुसरीकडे बघत होता.

पुढे तुम्ही माझ्यासाठी कितीतरी केलंत. वरची खोली दिलीत. भाडं किती म्हणून विचारलं तर "तुला झेपंल ते दे" असं त्रासदायक उत्तर दिलंत. ना एजंट, ना अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट, ना कमिटी. रिक्षावाले "मढ" म्हटलं की मान फिरवतात, तेव्हा मालाडहून दोनशे एकाहत्तर नंबरची बस कुठे उभी राहते ते दाखवलंत. पण रात्री डोळे मिटल्यावर आठवतं ते पाटी कपाळाला लावणं. खोली देणं हा हिशेबाचाही भाग असू शकतो. त्या पाटीत कसला हिशेब?

आता मी इथली झाले म्हणायला हरकत नाही. पहाटे वलांडीवर, म्हणजे बांबूच्या मांडवावर, वाळत घातलेल्या बोंबलांच्या वासाने जाग येते आणि पूर्वीसारखं नाक धरावंसं वाटत नाही. वर्गात कोण का गैरहजर आहे ते न विचारता कळतं. जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी एरंगळच्या चर्चची जत्रा, की सोमवारी अर्धा वर्ग पेंगलेला. जवळा भरपूर आला, की निवडायला घरी थांबलेल्या मुली. हल्ली एक जून ते एकतीस जुलैच्या मासेमारी बंदीत होड्या वर ओढलेल्या, बाप्ये जाळी शिवत बसलेले, त्यामुळे मुलं शाळेत भरपूर. जेट्टीवर वादळी हवेचा तीन नंबरचा बावटा लागला की फेरी बंद. मग पलीकडच्या टीचर अडकतात आणि मी दोन वर्ग एकत्र बसवते. स्टाफरूममधली चर्चा थांबली आहे. चटणी मात्र अजून खातात.

आणि ती पाऊणकी, पाऊणचा पाढा! डी.एड.ला आम्हाला अपूर्णांक शिकवायला भाकरीचे तुकडे करायला शिकवलं होतं. मी फळ्यावर भाकरी काढली, तीन-चतुर्थांश रंगवली, वर्ग ढिम्म. तुमची नात म्हणाली, "टीचर, पाऊण आमच्या आजीला येतं, त्यावरनं ती पाणी सांगते." संध्याकाळी ओट्यावर तुम्ही कोलंबी सोलत सोलत सांगितलंत: तिथी घे, तिची पाऊणपट कर, भरतीची वेळ आली. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे सहाला भरती आणि बाराच्या सुमारास सुकती, म्हणजे ओहोटी. दशमीला साडेसात. पुनवेला, अवसेला सव्वाअकरा, आणि त्यात उधाण, म्हणून पाणी चढतंही जास्त आणि ओसरतंही जास्त. मी मनातल्या मनात सव्वाअकरात सहा तास मिळवले आणि माझी चप्पल कुठे गेली होती ते मला कळलं. चौथीत शाळा सोडलेल्या बाईने "एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन" असं कोलंबीचं डोकं न चुकवता म्हणून दाखवलं. दुसऱ्या दिवशी मी भाकरी पुसली आणि कॅलेंडर घेऊन वर्गात गेले. एरवी मागच्या बाकावर झोपणारा नाखव्याचा, म्हणजे होडीवाल्याचा, मुलगा उभा राहून मलाच सांगायला लागला, "टीचर, घड्याळाच्या काट्याला नाय हां येत, जरा मागंपुढं होतंय."

मावशी, दर पावसाळ्यात पाणी तुंबलं की मुंबईच्या माणुसकीवर लेख येतात, आणि एरवी वर्षभर "इथे कोण कोणाचं नसतं" असं ऐकवलं जातं. मला दोन्हीचा कंटाळा आलाय. पाणी तुंबल्यावर बिस्किटं वाटणारे चांगलेच, त्यांना नावं नाही ठेवत. पण कोरड्या दिवशी, घरी जायची घाई असताना, ओळख ना पाळख अशा माणसासाठी कोणी थांबतं का, हे मी हल्ली बघते. लोकलमध्ये चौथ्या सीटसाठी मुकाट्याने सरकणाऱ्या बायका मला दिसायला लागल्यात. तिकिटाचे सुट्टे नसलेल्या म्हाताऱ्याला "राहू द्या आजोबा" म्हणणारा आपल्या फेरीवरचा पोरगाही दिसतो. ही माणसं आधीही असतील. माझं तिकडे लक्ष जायला लागलं ते तुमच्यामुळे.

आता कामाचं. भाड्याची रक्कम मी माझ्या मनाने ठरवली आहे, ती दर महिन्याला तुमच्या सुनेकडे देईन. परत वरच्या खोलीत उशीखाली ठेवायची नाही. दुसरं, हेडबाईंची परवानगी काढली आहे, तुम्ही वर्गात येऊन पोरांना पाऊणकी आणि पाणी शिकवायचं आहे. "मी काय शिकवणार" हे ऐकून घेणार नाही. नारळी पौर्णिमेच्या आधीच या, कारण एकदा होड्या बाहेर पडल्या की तुम्हाला सवड कुठली. वार तुम्ही सांगा. वेळ दुपारची ठेवली आहे, तुमचं जेवण माझ्याकडे.

तुमची,
वरच्या खोलीतली टीचर